किती महिने घरात

एप्रिलची नऊ तारीख, रात्रीचा दीड.
गोत्री रोडवर चौथ्या मजल्यावर
आम्ही बावीस जण परक्यांचे कर भरतो,
म्हणजे त्यांचे आकडे त्यांच्या रकान्यांत नीट बसवतो.
तिकडे दुपार असते. इकडे एसी,
आणि कुणाच्या तरी डब्यातल्या सेव-उसळीचा उरलेला वास.

फाइल लिंडक्विस्टांची. गाव दुलूथ.
तो पूल दुरुस्त करतो, ती शाळेच्या बसचं वेळापत्रक लावते.
अवलंबितांच्या पहिल्या ओळीत तिनं हातानं लिहिलंय:
झरणा रूथ लिंडक्विस्ट. नातं, मुलगी.
नंबराची जागा कोरी.
वर्षभरात किती महिने घरात राहिली?
बारा.
शेजारी पेन्सिलीनं, बारीक:
खोली जानेवारीपासून तयार आहे.

मागे जोडलेलं संस्थेचं पत्र.
पत्ता वाचला आणि माउसवरचा हात थांबला.
कारेलीबाग, पाण्याच्या टाकीमागे.
माझ्या अ‍ॅक्टिवानं अठरा मिनिटं.
म्हणजे आत्ता, या दीड वाजता,
ती तिथं झोपलीय, पंख्याखाली, ओळीनं लावलेल्या पाळण्यांतल्या एकात,
आणि कागदावर बर्फाच्या गावात
वर्षभर राहून झालीय.

नियम मला पाठ आहेत.
एकतीस डिसेंबरला बाराला पाच कमी असताना जन्मलं
तरी बाळ वर्षभराचं धरतात.
एकदा रडून तासाभरात गेलं, तरी धरतात.
(माझा एक भाऊ असा होता.
आमच्या रेशनकार्डावर तो कधी चढलाच नाही.
मुलं किती, विचारलं की आई अजून
एक बोट जास्त उघडते, मग मिटते.)
हॉस्टेलला गेलेलं, इस्पितळात पडलेलं,
तेही घरातच धरतात, तात्पुरतं गैरहजर म्हणून.
पण गैरहजर राहायलासुद्धा
आधी एकदा उंबरा ओलांडावा लागतो.

जिग्नेशभाई मागून वाकून बघतात.
'काढी नाखो, बेन.'
माणूस वाईट नाही. अजून अकरा फाइली पडल्यात.

मी बारा खोडून शून्य टाकते.
शून्य टाकताच ओळच जाते,
नाव, नातं, मधलं ते रूथ, सगळं.
परताव्याचा हिरवा आकडा घसरून थांबतो.
मशीन कारण विचारतं. यादीतून निवडायचं:
वय जास्त. दुसऱ्या कुणी दावा केला. घरात राहत नाही.
'अजून' असा पर्याय नाही.
मी तिसरं निवडते.

मग त्यांना जायच्या पत्रात
एक वाक्य माझ्या पदरचं घालते:
खोली तशीच ठेवा, पुढच्या वर्षीच्या कागदांना लागेल.
हे खोटं आहे. खोलीचा पुरावा
कुठल्याच वर्षी कुणी मागत नाही.

पावणेसहाला सुटले.
कारेलीबागेकडे वळले नाही. वळून, कोण म्हणून उभी राहणार?
पण संस्थेच्या पत्रात होतं,
हुकूम कोठीत आहे, फक्त सही बाकी, अकरा महिने झाले.
तर कोठीच्या फाटकाशी गाडी मंदावली.
चौकीदार माठाखालची फरशी धूत होता.
पाणी माझ्या चाकापर्यंत आलं.
'साडेदहाला उघडतं,' तो म्हणाला. 'काय काम होतं?'
माझं नाही, म्हटलं.
'मग कुणाचं?'

मी हेल्मेटचा पट्टा लावत राहिले.
तो लागलेलाच होता.